लंडनचीं जुनीं पानगृहें

लंडन शहरांतील जुन्या पानगृहांविषयीं आज मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. ‘पानगृह’ हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. ज्याला इंग्रज मनुष्य ‘पब’ म्हणतो त्याला गुत्ता म्हटलें तर त्या स्थळावर अन्याय होईल, आणि उपाहारगृह म्हटलें तर सत्यावर होईल. आपल्याकडे दारूच्या दुकानाला पडदा असतो. आंत जाणारा इकडेतिकडे पाहून जातो, आणि बाहेर पडणारा मान खालीं घालून बाहेर पडतो. त्या पडद्यामागें किती संसारांची धूळधाण झाली, हें आपणांपैकीं कोणालाहि सांगावयास नको. मुंबई राज्यानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला तो उगीच नव्हे. तेव्हां मद्यपानाची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. मी स्वतः मद्य घेत नाहीं. तरीहि लंडनांत शिकत असतांना माझ्या कित्येक संध्याकाळी पबमध्यें गेल्या, आणि त्या शहराचा स्वभाव मला जेवढा तेथें उमगला तेवढा ना ग्रंथालयांत उमगला, ना महाविद्यालयांत.

‘पब’ हें ‘पब्लिक हाऊस’ या दोन शब्दांचें लघुरूप. त्याचा सरळ अर्थ सार्वजनिक घर. आतां घर आणि सार्वजनिक यांचा मेळ घालणें सोपें नाहीं. घराला उंबरठा असतो, आणि कोणाला आंत घ्यावयाचें हें घरधनी ठरवितो. सार्वजनिक म्हटल्यावर ‘तूं कोण’ असें कोणीं कोणाला विचारूं नये. लंडनच्या पबांचा सारा इतिहास मला या दोन शब्दांमधील ओढाताणीचा इतिहास वाटतो, आणि आजचें माझें बोलणें त्याच धाग्यानें चालणार आहे.

पूर्वीं इंग्लंडांत अशा घरांचे तीन प्रकार असत. ‘इन’ म्हणजे प्रवाशांना जेवण्यानिजण्याची आणि त्यांच्या घोड्यांना दाणावैरणीची सोय असलेली सराई. ‘टॅव्हर्न’ म्हणजे द्राक्षाचें मद्य मिळण्याचें, जरा बऱ्या स्थितींतील लोकांचें ठिकाण. आणि ‘एलहाऊस’ म्हणजे जवाची बीअर विकणारें साधें घर. तेथें पुष्कळदां घरची बाईच ती बीअर तयार करी आणि पुढच्या खोलींत विकी. आजच्या पबांत या तिघांचाहि वंश मिसळला आहे.

सराईचा नमुना पाहावयाचा असेल तर थेम्स नदी ओलांडून दक्षिण तीरावरील सदर्क भागांत जावें. चॉसर कवीच्या यात्रेकरूंनीं कँटरबरीची वाट धरली ती येथल्याच ‘टॅबर्ड’ नांवाच्या सराईंतून. ती १६७६ सालच्या आगींत जळाली, पुन्हां उभी राहिली, आणि एकोणिसाव्या शतकांत पाडली गेली. तिच्या शेजारची ‘जॉर्ज’ मात्र अजून उभी आहे. त्याच आगीनंतर १६७७ सालीं ती नव्यानें बांधली गेली. मध्यें चौक, आणि चौकाकडे तोंड करून एकावर एक लांकडी सज्जे, अशी तिची रचना. आपल्याकडील जुन्या वाड्याची आठवण व्हावी अशी. त्या चौकांत एके काळीं घोड्यांच्या प्रवासी गाड्या येऊन थांबत. आगगाडी आली आणि त्या गाड्या बंद पडल्या. पुढें एका रेल्वे कंपनीनें मालाच्या वखारीसाठीं या सराईच्या दोन बाजू पाडून टाकल्या. जी एक बाजू उरली ती १९३७ सालीं ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या स्वाधीन झाली. सज्जांची अशी सराई साऱ्या लंडनांत आतां ही एकच आहे.

याच दक्षिण तीरावरील एका लहानशा एलहाऊसमधून सॅम्युएल पेपिस यानें १६६६ सालची लंडनची भयंकर आग पाहिली आणि ती आपल्या दैनंदिनींत टिपून ठेविली. त्या आगींत उत्तर तीरावरील ज्या असंख्य इमारती गेल्या त्यांत फ्लीट स्ट्रीटवरील ‘चेशायर चीज’ हेंहि एक घर होतें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १६६७ सालीं, तें पुन्हां बांधलें. एका अरुंद बोळांतून त्याचा दरवाजा आहे. दरवाजापाशीं एक फळा लावलेला आहे, आणि ज्या ज्या राजाराण्यांच्या कारकीर्दी या घरानें पाहिल्या त्यांचीं नांवें त्यावर ओळीनें लिहिलीं आहेत. कोशकार डॉक्टर जॉन्सन अगदीं जवळच राहत असे. तो येथें बैठक मारी असें परंपरा सांगते. त्याच्या चरित्रकारानें मात्र या घराचें नांव कोठें घेतलेलें नाहीं. पण पबांच्या बाबतींत इंग्रज मनुष्य चरित्रकारापेक्षां परंपरेवर अधिक विश्वास ठेवतो, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

या घरांच्या नांवांची गोष्टहि मोठी मौजेची आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमदानींत, १३९३ सालीं, असा दंडक झाला कीं, जो कोणी बीअर विकील त्यानें दारावर खूण टांगली पाहिजे. लोकांना वाचतां येत नसे, म्हणून ती खूण चित्राची असे. ‘पांढरा काळवीट’ हें खुद्द रिचर्डचें राजचिन्ह. म्हणून त्या नांवाचे पब गांवोगांव निघाले. पुढें १६५१ सालीं दुसरा चार्ल्स लढाईंत हरला आणि एका ओक वृक्षाच्या फांद्यांत लपून वांचला. त्यावरून ‘रॉयल ओक’ हें नांव पडलें. चित्राची ही पाटी इतकी अंगवळणी पडली कीं, भुयारी रेल्वेच्या कित्येक स्थानकांना पबांचींच नांवें मिळालीं. एंजल, एलिफंट अँड कॅसल, स्विस कॉटेज, मॅनर हाऊस ही सारी मूळचीं पानगृहांचीं नांवें. आपल्याकडे जसें मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा असें सांगतात, तसें लंडनचा जुना रहिवासी पबावरून वाट सांगतो.

पण पबाकडे केवळ राजाचेंच लक्ष होतें असें नाहीं. कायदाहि त्याच्यावर डोळा ठेवून होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जिन नांवाच्या स्वस्त कडक दारूनें लंडनच्या गरीब वस्त्यांत हाहाकार उडविला. चित्रकार विल्यम होगार्थ यानें १७५१ सालीं दोन चित्रें काढलीं. एकांत बीअर पिणारी धष्टपुष्ट गल्ली, आणि दुसऱ्यांत जिनपायीं उद्ध्वस्त झालेली. त्याच वर्षीं पार्लमेंटनें जिनच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. पुढें १८३० सालीं उलट दिशेनें एक कायदा झाला. घरपट्टी भरणाऱ्या कोणाहि गृहस्थानें दोन गिन्या भराव्या आणि आपल्या घरीं बीअर विकावी, अशी त्यानें मुभा दिली. जिनपेक्षां बीअर बरी, हा त्यामागील विचार. परिणाम असा झाला कीं, गल्लोगल्लीं हजारों बीअरघरें उघडलीं. लंडनच्या जुन्या वस्त्यांत दर दोनतीनशें पावलांवर एक कोपऱ्यावरचा पब दिसतो, त्याचें मूळ पुष्कळसें या काळांत आहे.

ही बीअर आपल्या देशाशींहि नातें सांगते. पूर्व लंडनमधील बो येथें हॉजसन नांवाच्या कारखानदाराची बीअरची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें ज्या गोद्यांतून सुटत त्या तेथून जवळच होत्या. जहाजांचे कप्तान ही फिकट रंगाची बीअर कलकत्त्याला आणि मुंबईला आणून विकीत. पुढें बर्टन गांवच्या कारखानदारांनीं हा व्यापार हातीं घेतला. त्या बीअरला ‘इंडिया पेल एल’ असें नांव पडलें, आणि आजहि लंडनच्या पबांत तें नांव घेऊन ती मागतात. मागणाराला बहुधा हें ठाऊक नसतें कीं, आपल्या पेल्यावर हिंदुस्थानचें नांव कां आहे.

१९१५ सालीं पहिलें महायुद्ध ऐन भरांत असतांना सरकारला वाटूं लागलें कीं, दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार दुपारीं पबांत रेंगाळतात. तेव्हां पबांच्या वेळा कापल्या गेल्या, आणि दुपारीं दारें बंद ठेवण्याचा नियम झाला. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्यासाठीं पेला विकत घेणें हाहि गुन्हा ठरला! इंग्रजांच्या पबांत पाळीपाळीनें सर्वांसाठीं पेले आणण्याची चाल आहे. चार मित्र बसले तर चौघांनींहि एकेक पाळी उचलावयाची. जो आपली पाळी चुकवील तो मित्रांच्या मनांतून उतरला. या चालीमुळें चारजण असले कीं चार पेले होतातच. म्हणून तिच्यावरच सरकारनें घाव घातला. युद्ध १९१८ सालीं संपलें आणि पाळीची चाल परत आली. परंतु दुपारची कुलूपबंदी कायम राहिली. ती उठली १९८८ सालीं, म्हणजे तब्बल त्र्याहत्तर वर्षांनीं! तात्पुरता म्हणून केलेला नियम किती चिवट असतो याचें याहून बोलकें उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं.

मी लंडनांत होतों तो काळ सत्तरीच्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे ही कुलूपबंदी चालू असतांनाचा. दुपारीं तीन वाजतां दारें लागत आणि साडेपांचच्या सुमारास उघडत. रात्रीं अकराला घंटा होई आणि मालक मोठ्यानें वेळ झाल्याचें पुकारी. माझी खोली उत्तर लंडनमध्यें होती. तींत गॅसची शेगडी असे, आणि तिच्या मीटरमध्यें नाणें टाकलें तरच ती पेटे. नाणें संपलें कीं ऊब संपली. आतां सांगा, डिसेंबरच्या संध्याकाळीं चारलाच अंधार पडत असतां, अशा खोलींत एकटा विद्यार्थी करणार काय? कोपऱ्यावरच्या पबांत कोळशाची शेगडी धगधगत असे. लेमनेडचा एक पेला घेऊन तेथें दोन तास बसलें तरी कोणी उठा म्हणत नसे. गल्लींतील निम्म्या बिऱ्हाडांची स्थिति माझ्यासारखीच होती. घरें लहान, खोल्या थंड, पाहुण्यास बसवावयास जागा नाहीं. म्हणून पब हा साऱ्या गल्लीचा दिवाणखाना होता. कोणाला नोकरी लागली, कोणाची सासू वारली, कोणाच्या घरीं नळ गळतो आणि तो कोण दुरुस्त करील, याची बातमी तेथेंच लागे. एकाद्या म्हाताऱ्याची ठरलेली खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली, तर मालकीणबाई तिसऱ्या दिवशीं कोणाला तरी त्याच्या घरीं धाडीत. हें काम करणारें दुसरें कोणतेंहि खातें शहरांत नव्हतें.

उद्योगधंद्यांप्रमाणेंहि पब वांटलेले होते. फ्लीट स्ट्रीटवर प्रत्येक वर्तमानपत्राचा आपला पब असे, आणि बातमीदार कचेरींत सांपडला नाहीं तर तेथें हटकून सांपडे. गोदीकामगारांचे पब नदीकांठीं. कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजाराजवळच्या आणि स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळच्या पबांना पहांटे उघडण्याचा खास परवाना असे. कारण रात्रभर ओझीं उचलणाऱ्या माणसाची संध्याकाळ सकाळीं सहाला होते. कॉव्हेंट गार्डनचा भाजीबाजार १९७४ सालीं दुसरीकडे गेला. गोद्या एकामागून एक बंद पडल्या. १९८६ पासून वर्तमानपत्रें फ्लीट स्ट्रीट सोडून गेलीं. इमारती राहिल्या, पाट्या राहिल्या. पण ज्या घामाकरितां ते पब होते तो घाम तेथून गेला.

येथवर मीं जें वर्णन केलें तें ऐकून आपणांस वाटेल कीं, काय सुखाचें गोकुळ होतें हें! जुन्या पबांच्या आठवणी सांगणारीं पुष्कळ माणसें येथेंच थांबतात. पण सार्वजनिक या शब्दाचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनांत जे भपकेदार पब बांधले गेले, त्यांत महोगनीचें लांकूड, नक्षीची कांच आणि मोठमोठे आरसे असत. होबर्नमधील ‘प्रिन्सेस लुईझ’ हा त्यांचा उत्तम नमुना. त्यांतील आडव्या लांकडी भिंती पाहून परदेशी मनुष्य कौतुक करतो. त्या भिंती कशासाठीं होत्या? मजूर एका कप्प्यांत, कारकून दुसऱ्यांत, आणि शेटसावकार तिसऱ्यांत बसावे म्हणून! ‘पब्लिक बार’ हा कामकऱ्यांचा; तेथें जमीन उघडी आणि बांकें साधीं. ‘सलून बार’मध्यें गालिचा आणि गाद्या, आणि तीच बीअर तेथें थोडी महाग. ब्लूम्सबरीमधील ‘लॅम’ या पबांत बारच्या फळीवर डोळ्यांच्या उंचीला लहान लहान फिरत्या कांचेच्या झडपा आजहि आहेत. वरच्या वर्गाच्या गिऱ्हाइकानें ती झडप लावून घेतली कीं, पेला देणाऱ्या नोकरालाहि त्याचें तोंड दिसत नसे. एका छपराखालीं सारें शहर बसे हें खरें. पण एकमेकांचें तोंड न पाहतां बसे, हेंहि तितकेंच खरें.

स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाहीं. माझ्या काळींहि एकटी बाई पबांत आली तर कित्येक ठिकाणीं माना वळत. फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ या प्रसिद्ध मद्यगृहाचा नियम असा होता कीं, बायकांनीं बारच्या फळीशीं उभें राहूं नये. मागच्या खोलींत मेजाशीं बसावें, तेथें त्यांना पेला आणून दिला जाईल. वकील आणि वार्ताहर मंडळी त्या फळीशींच उभी राहून धंद्याच्या गोष्टी करीत. तेव्हां तेथें उभें राहतां न येणें म्हणजे बातमीपासून आणि कामापासून दूर राहणें. एक स्त्री-वकील आणि एक स्त्री-पत्रकार अशा दोघीजणी हें प्रकरण न्यायालयांत घेऊन गेल्या, आणि १९८२ सालीं अपील कोर्टानें हा नियम बेकायदेशीर ठरविला. १९८२! म्हणजे त्या देशांत एक स्त्री मुख्य प्रधान होऊन तीन वर्षें लोटलीं होतीं, आणि तरीहि या प्रश्नाचा निकाल लागावयाचा होता.

आतां आपल्या लोकांकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामकरी हवे होते, आणि पंजाबांतून, जमेकांतून हजारों माणसें तेथें गेलीं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गांवीं पंजाबी लोक ओतकामाच्या कारखान्यांत राबत. दिवसभर लोखंडाच्या भट्टीजवळ तापून संध्याकाळीं ते पबांत जात, तेव्हां कित्येक पबांत त्यांना दार बंद असे. कांहीं ठिकाणीं त्यांना फक्त एका कप्प्यांत बसावें लागे, आणि गालिच्याच्या खोलींत गेलें तर त्यांना पेला मिळत नसे. १२ फेब्रुवारी १९६५ रोजीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स मुद्दाम स्मेथिकला आले. तेथल्या एका पबांत त्यांनाहि तोच अनुभव आला. पुढें नवव्या दिवशीं न्यूयॉर्कमध्यें त्यांचा खून झाला. ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ या आपल्या कामगारांच्या संस्थेनें अशा पबांविरुद्ध चळवळ चालविली. त्याच वर्षाच्या अखेरीस वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा अंमलांत आला, आणि पब, उपाहारगृहें यांसारख्या सार्वजनिक जागीं वर्णावरून माणसाला नाकारणें कायद्याच्या विरुद्ध ठरलें. पाटीवर ‘सार्वजनिक’ हा शब्द लिहून शतकें लोटल्यावर त्याचा अर्थ कायद्याला असा सांगावा लागला.

श्रोतेहो, हें सांगण्यांत माझा हेतु जुन्या घरांची निंदा करण्याचा नाहीं. ज्या गोष्टीचा आपण शोक करतों ती नेमकी काय होती, हें नीट ओळखलें तरच तो शोक खरा. आणि शोक करण्याजोगें पुष्कळ घडलें आहे.

प्रथम बीअरच्या धंद्यांतच उलथापालथ झाली. साठ-सत्तरीच्या काळांत सहा मोठ्या कंपन्यांनीं लहान कारखाने गिळले. प्रत्येक कंपनीचे हजारों पब असत, आणि त्या पबांत तिचीच बीअर विकावी लागे. पिंपांत जिवंत राहून मुरणाऱ्या बीअरच्या जागीं यंत्रानें गाळलेली, वायु भरलेली, सगळीकडे एकाच चवीची बीअर येऊं लागली. तिच्याविरुद्ध १९७१ सालीं गिऱ्हाइकांनींच एक संघटना काढली, आणि जुन्या पद्धतीची बीअर तिनें वांचविली. १९८९ सालीं सरकारनें हुकूम काढला कीं, दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपन्यांनीं वरच्यांपैकीं निम्मे पब मोकळे करावे. हेतु असा कीं, मालक स्वतंत्र व्हावा. झालें भलतेंच! ते पब घेतले नव्या कंपन्यांनीं, ज्यांना बीअर करण्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्यांचें सारें लक्ष भाड्याकडे आणि जमिनीच्या भावाकडे. पबाच्या मालकाचा धनी बदलला, पण दावें सुटलें नाहीं.

मग इतरहि कारणें आलीं. दुकानांत बीअर स्वस्त मिळूं लागली. घरोघर ऊब आली, दूरचित्रवाणी आली, आणि दिवाणखाना घरांतच थाटला गेला. ही चांगलीच गोष्ट झाली. थंडीनें कुडकुडून कोणीं पबांत यावें असें कोण म्हणेल? १ जुलै २००७ पासून इंग्लंडांत पबांत धूम्रपानाला बंदी झाली. धुरानें ज्याचे डोळे चुरचुरले आहेत असा माझ्यासारखा मनुष्य त्याचेंहि स्वागतच करील. २० मार्च २०२० रोजीं साथीमुळें साऱ्या देशांतील पबांना टाळीं लागलीं. जें जर्मन बाँबनींहि झालें नव्हतें तें एका सूक्ष्म जंतूनें केलें. सारांश हा कीं, २००० सालीं त्या देशांत सुमारें साठ हजार पब होते. वीस वर्षांत त्यांची संख्या सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आली. लंडनांत तर कोपऱ्यावरचा पब चालविण्यापेक्षां तो पाडून तेथें बिऱ्हाडें काढण्यांत कितीतरी पट अधिक पैसा मिळतो.

जे टिकले तेहि पालटले. १९९१ सालीं फॅरिंग्डन रस्त्यावरील ‘ईगल’ या पबांत चांगलें ताजें अन्न मिळूं लागलें, आणि तेथून पबाचें उपाहारगृह होण्याची नवी रीत पडली. लेखक जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालीं ‘मून अंडर वॉटर’ नांवाच्या एका आदर्श पबाचें वर्णन लिहिलें आणि शेवटीं सांगितलें कीं, असा पब मुळीं अस्तित्वांतच नाहीं. पुढें १९७९ सालीं निघालेल्या एका मोठ्या पब-साखळीनें तेंच नांव घेऊन कित्येक शाखा उघडल्या. स्वप्नाचीहि शाखा निघते, असा हा व्यापाराचा महिमा!

पण लंडनकर अगदींच हातावर हात ठेवून बसले नाहींत. मेडा व्हेल भागांत ‘कार्लटन टॅव्हर्न’ नांवाचें एक घर होतें. पहिल्या महायुद्धानंतर बांधलेलें, विटांचें, साधें पण देखणें. तें संरक्षित वास्तु ठरविण्याचा विचार चालू असतांनाच एप्रिल २०१५ मध्यें मालकांनीं परवानगी न घेतां त्यावर यंत्र चालवून तें पाडलें. लोक चवताळले. वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेनें हुकूम दिला कीं, जें पाडलें तें जसेंच्या तसें, विटेला वीट लावून, पुन्हां बांधा. मालकांचें अपील फेटाळलें गेलें. एप्रिल २०२१ मध्यें तें घर पुन्हां उघडलें, आणि ढिगाऱ्यांतून वेंचलेल्या जुन्या विटा पुन्हां आपल्या जागीं बसल्या. तिकडे दक्षिण लंडनांत नन्हेड येथें ‘आयव्ही हाऊस’ हा पब विकावयास निघाला. २०११ च्या नव्या कायद्यानें समाजोपयोगी वास्तु म्हणून नोंद करण्याची सोय झाली होती. तिचा लाभ घेऊन शेजाऱ्यांनीं भाग काढले, पैसा जमविला, आणि २०१३ पासून तो पब सहकारी तत्त्वावर चालूं लागला. सहकाराचें महत्त्व महाराष्ट्राला सांगावयास नको. २०१७ पासून तर पब पाडावयाचा असो वा त्याचें दुकान करावयाचें असो, इंग्लंडांत आधीं परवानगी घ्यावी लागते.

आणि सर्वांत मोठें नवल पुढेंच आहे. ज्या स्मेथिकच्या परिसरांत पंजाब्यांना पबाचें दार बंद होतें, तेथलेच पब जेव्हां बुडूं लागले, तेव्हां ते विकत घेतले त्याच पंजाब्यांनीं. त्यांनीं आंत तंदूर लावला. बीअरच्या जोडीला भाजलेलें मांस आणि नान आले. आज त्यांना ‘देशी पब’ म्हणतात. तेथें गोरा कारागीर आणि शीख ट्रकचालक एकाच मेजाशीं बसून फुटबॉलवर वाद घालतात. लंडनमधील साऊथॉलच्या ‘ग्लासी जंक्शन’ या पबांत तर एके काळीं हिंदुस्थानचे रुपये देऊन बीअर मिळे. पुढें तो पब बंद झाला आणि त्या जागीं दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृह निघालें. जो पब पबासारखा राहिला नाहीं, पण सर्वांना उघडा राहिला, त्याला जुना म्हणावें कीं नवा? मी तर त्याला आपल्या नांवास अखेर जागलेलें सार्वजनिक घर म्हणेन.

आपल्या लोकांनीं स्वतः उभारलेलें असेंच एक ठिकाण स्ट्रँड रस्त्यावर होतें, ‘इंडिया क्लब’. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशीं त्याची नाळ जुळलेली. १९५१ सालीं तो निघाला. तेथें जिना चढून वर गेलें कीं, एका खोलींत पेयें आणि दुसरींत डोसा मिळे. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या विद्यार्थ्याला, वकिलाला, पत्रकाराला तेथें आपली भाषा ऐकूं येई. त्या इमारतीचें नवें रूप करण्याचें ठरलें, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें क्लबचें दार कायमचें बंद झालें. कार्लटन टॅव्हर्नच्या विटा परत आल्या. या खोल्यांच्या वांट्याला तें भाग्य आलें नाहीं.

या साऱ्यावरून आपण काय घ्यावें? मद्य तर घेऊं नयेच. पण शहर म्हणजे नुसतीं घरें आणि कचेऱ्या नव्हेत; या दोहोंमध्यें एक तिसरी जागा लागते. जेथें थोड्या पैशांत फार वेळ बसतां येतें, जेथें ओळख नसतांना बोलतां येतें, आणि जेथें आपली खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली तर कोणाच्या तरी लक्षांत येतें, अशी ती जागा. लंडनांत ती बीअरच्या पेल्याभोंवतीं जमली. मुंबईंत ती इराण्याच्या दुकानांत, संगमरवरी मेजावर, चहाच्या पेल्याभोंवतीं जमली. गांवांत ती पाराभोंवतीं होती. पेल्यांत काय आहे हा प्रश्न दुय्यम. आपलीं इराण्याचीं दुकानें एकेक करून मिटत असतां आपणहि हळहळतों. त्या हळहळीला दोन प्रश्नांची जोड द्यावी, इतकेंच माझें सांगणें. एक, या जागेंत पूर्वीं कोणाला बसतां येत नव्हतें? पारावर कोण बसे, आणि कोण खालीं उभा राहून बोले, हें आठवून पाहावें. आणि दुसरा, ती जागा जाण्यापूर्वीं आपण शेजाऱ्यांनीं मिळून तिच्यासाठीं काय केलें? पहिला प्रश्न विचारल्यावांचून जुन्याची आठवण काढणें म्हणजे झडपेआड बसण्यासारखें आहे. आणि दुसरा न विचारतां रडत बसणें म्हणजे मित्रांचे पेले पिऊन आपली पाळी चुकविण्यासारखें आहे.